बडोद्यात घरच्या घरी जुन्या जीपचं गॅरेज: जागेपासून पहिल्या फेरीपर्यंत

बडोद्यात जुनी जीप, मेटॅडोर व्हॅन किंवा लष्करी जोंगा घरी ठेवून स्वतःच्या हाताने उभी करायची असेल, तर सगळ्यात आधी आपल्या दारात विश्वामित्री नदीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते शोधा. गाडी, हत्यारं, रंग हे सगळं त्यानंतर. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा या भागांत कितीतरी घरांचे तळमजले पाण्यात गेले. नव्या गाडीचं नुकसान विम्यातून थोडंफार भरून निघतं. पन्नास वर्षांच्या जीपच्या गिअरबॉक्सची भरपाई कोणी देत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात देशभरातल्या व्हिंटेज मोटारींचं मोठं प्रदर्शन झालं. त्या राजेशाही मोटारींना सांभाळणारी माणसं आहेत, पैसाही आहे. शेतावर राबलेल्या, दूध-भाजी वाहिलेल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्यांना मात्र फारसा वाली नाही, आणि मला आस्था त्यांचीच आहे. ज्यांच्याकडे सोसायटीतलं टेनामेंट आहे, किंवा रावपुरा-दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्याचा चौक अजून शिल्लक आहे, त्यांना हे काम नोकरी सांभाळून जमू शकतं. अट एकच: आधी जागा पूर्ण करा, मग गाडी आणा. अर्धवट जागेत आलेली गाडी बघता बघता सुटी होऊन खोक्यांत जाते आणि तिथेच राहते.

पाण्याची रेघ

कंपाउंडच्या भिंतीवर पुराचा डाग बहुतेक वेळा दिसतोच. दिसत नसेल तर शेजारच्या काकांना विचारा, त्यांना पायरी लक्षात असते. त्या उंचीवर ऑइल पेंटने रेघ मारा आणि तिच्यावर आणखी एक फूट धरा. विजेचे सॉकेट, बेअरिंग, गॅस्केट, कार्ब्युरेटर, गाडीचे कागद, सगळं या रेघेच्या वर राहिलं पाहिजे. खाली ठेवायचं ते भिजलं तरी चालेल असंच: जुने टायर, लोखंडी रिम, लाकडी ठोकळे.

रेघ दोन फुटांच्या आत असेल तर जोतं उचलून भागतं. तीन फुटांच्या वर असेल तर त्या जागी पावसाळ्यात उघडी-सुटी गाडी ठेवायची नाही, हा नियम करून टाका. मोठी कामं दिवाळी ते होळी या काळात काढा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गाडी निदान चार चाकांवर ढकलता येईल अशी करा. उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचं अंगण आधीच मागून ठेवा. आजवा सरोवरातून पाणी सोडल्याची बातमी आली की नदी चढायला लागते. त्या बातमीनंतर टो-चेन शोधत बसायला वेळ उरत नाही.

कोणती गाडी, किती जागा

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने महिंद्राची सीजे-३बी जीप घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. विलीज कंपनीने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. आधीच्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच दिसतं, कारण आतलं २१९९ सीसीचं हरिकेन इंजिनच उंच आहे. एक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि दुसरा ब्लॉकमध्ये अशी त्याची रचना. व्हीलबेस ८० इंच, लांबी साधारण ३.३ मीटर, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. १२ बाय २० फुटांच्या जागेत ती उभी करून चारही बाजूंनी फिरता येतं आणि पुढे इंजिन काढायला जागा उरते. पार्ट अजून मिळतात, आणि जे मिळत नाहीत ते लेथवर बनतात.

जोंगा ही निसानच्या ‘पट्रोल’ (Patrol) या गाडीची भारतीय आवृत्ती, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षं बनली. सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. तिची ताकद अफाट आहे, पण तिची तहानही तशीच, शिवाय वजनामुळे घरच्या गॅरेजमधलं प्रत्येक साधन एक माप मोठं घ्यावं लागतं. हिंदुस्तान मोटर्सचा ट्रेकर दिसायला ओबडधोबड आहे, पण आतला बराच भाग अँबॅसडरचा, त्यामुळे सांभाळायला सोपा. महिंद्राच्या एफसी मालिकेत ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो. इंजिनपर्यंत केबिनमधून पोचावं लागतं, म्हणून दरवाजे पूर्ण उघडतील एवढी रुंदी हवी.

आणि मेटॅडोर. बजाज टेम्पोने १९६९ मध्ये बाजारात आणलेली ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही आणि मालाचा फ्लोअर जमिनीजवळ येतो. भाजी, शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, मंडळाचा गणपती, सगळं तिने वाहिलं. इतकी वापरली गेली की जपून ठेवावी असं कोणालाच वाटलं नाही, आणि आज धड मेटॅडोर शोधायला फिरावं लागतं. ज्याच्याकडे १४ बाय २४ फूट जागा आणि उंच शेड आहे त्याने ती जरूर घ्यावी. सोसायटीच्या पोर्चमध्ये मात्र तिचं टप अडकतं, म्हणून आधी उंची मोजा.

कागद

इंजिन जाम असलेली गाडी घ्या, पण कागद जाम असलेली घेऊ नका. चासिसवर ठोकलेला नंबर सँडपेपरने साफ करून स्वतः वाचा आणि आरसी बुकशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? कर्जाचा बोजा उतरला आहे का? परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०. लष्करी लिलावातल्या गाडीला विक्रीपत्र आणि रिलीजचे कागद लागतात. ते हरवलेत असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागतं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. म्हणून सीजे-३बीमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवायचा मोह झाला तर आधी ही अट आठवा. माझ्या मते मूळ इंजिन टिकवण्यातच खरी कमाई आहे.

जमीन

शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि वरचा कोबा फोडते. निदान फूट-दीड फूट माती काढून मुरूम भरा, पाणी मारून दाबा, वर दगडी सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकची शीट आणि मग सहा इंचांचं काँक्रीट. शीट घातली नाही तर जमिनीची ओल वर येते आणि खाली ठेवलेली प्रत्येक लोखंडी वस्तू गंजते. दाराकडे दर शंभर इंचाला एक इंच उतार ठेवा, म्हणजे धुतलेलं पाणी बाहेर जाईल आणि गाडी मात्र आपोआप घसरणार नाही.

मिस्त्री कोटा फरशी बसवायचा आग्रह धरतील. घरात कोटा उत्तम, गॅरेजमध्ये नको. तेल सांडलं की पाय घसरतो, आणि जॅकच्या टोकाखाली फरशी तडकते. घोटून केलेला कोबाच बरा. निदान सात दिवस पाणी मारत राहा आणि अठ्ठावीस दिवस होईपर्यंत वर गाडी आणू नका. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट ओलं ठेवणं अवघड जातं, म्हणून हे काम उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, लगेच काढलेलं चांगलं.

खड्डा खणू नका. जुन्या गॅरेजमध्ये गाडीखाली उभं राहायला खड्डा असतो, तो पाहून घरी तसाच करावासा वाटतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साठते आणि दिव्याच्या एका ठिणगीने पेटते. शिवाय इथल्या पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते.

वीज आणि उजेड

मीटरपासून वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या जमिनीवर लोखंडाशी खेळताना हा एक स्विच जीव वाचवतो. यात काटकसर नको. कंप्रेसर आणि वेल्डिंगसाठी १६ अँपचे सॉकेट छातीच्या उंचीवर. ट्यूब मधोमध एक लावण्यापेक्षा दोन्ही भिंतींना लावा, नाहीतर बॉनेट उघडलं की इंजिनावर तुमचीच सावली पडते.

उचलणं आणि टेकवणं

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी घोड्यांवरच (लोखंडी अॅक्सल स्टँडवरच) टेकवायची, आणि त्यानंतरच खाली जायचं. प्रत्येकी तीन टनांच्या चार घोड्या घ्या. जीपची घोडी अॅक्सलच्या नळीखाली येते, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली नाही. विटांवर गाडी कधीही ठेवू नका. वीट वरून अखंड दिसते आणि एका क्षणात भुगा होते. लाकडी ठोकळे चालतात, पण एकावर एक आडवे-उभे रचलेले.

हरिकेन इंजिन सुमारे दोनशे किलोचं. ते काढायला पोर्चच्या स्लॅबमधला पंख्याचा हुक वापरायचा विचारही करू नका. जाड पाइपची तिपाई करून त्यावर चेन ब्लॉक लावा, किंवा एका दिवसापुरती इंजिन क्रेन भाड्याने आणा. वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत घेऊन जागा अडवण्यात अर्थ नाही.

पाने

विलीज घराण्यातल्या जीपचे नट इंची मापाचे आहेत, जोंगा आणि मेटॅडोरचे मिलिमीटरचे. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या पुढच्या गाड्यांत प्यूजोचं डिझेल इंजिन मिलिमीटरचं आणि खालचे अॅक्सल जुन्या जीपचे, म्हणजे एकाच गाडीला दोन्ही सेट लागतात. जवळपास बसतोय म्हणून इंची नटाला मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही. चांगला रिंग पान्यांचा सेट, गोटी (सॉकेट) सेट, टॉर्क पाना, सहा इंची शिकंजा, ग्रीस गन, मल्टिमीटर, फीलर गेज. सुरुवातीला एवढंच. कंप्रेसर नंतर आला तरी चालतो.

एक गोष्ट आधीच लिहून भिंतीवर चिकटवा: बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. माहीत नसलेला माणूस जोर लावून स्टडच तोडतो.

लेथचं काम बाहेर द्यायचं तर मकरपुरा जीआयडीसी आहेच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हापासून या शहरात हातातली कला मानली जाते. हालोलला आधी हिंदुस्तान मोटर्स, मग जनरल मोटर्स, आता एमजी असे कारखाने झाले, त्यामुळे मोटारीच्या कामात हयात घालवलेले कारागीरही आजूबाजूला भेटतात. अशा माणसाला घरी चहाला बोलवा, गाडी दाखवा. तो अर्ध्या तासात जे सांगेल ते मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

सोडवण्याचा क्रम

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, कारण आवाज ऐकायची घाई असते. क्रम उलटा ठेवा: ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, कूलिंग, मग इंजिन. ज्या गाडीला ब्रेक आहेत ती ढकलून बाहेर काढता येते, धुता येते, पुराच्या वेळी हलवता येते.

जुन्या जीपला एकच ब्रेक सर्किट असतं, एक होज फुटला की चारही चाकं गेली. म्हणून व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर आणि सगळे होज एकदम बदला. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, त्यामुळे उघडी बाटली दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ठेवू नका.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, काढल्यावर लेबल. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी फार उपयोगी: झाकण घट्ट, आणि वर मार्करने ‘पुढचं डावं ड्रम’ असं लिहिता येतं. एका वेळी एकच विभाग उघडा आणि तो बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पेट्रोलची टाकी सीजे-३बीला ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि नेमका तिथलाच पत्रा सडतो. टाकी पूर्ण काढून गॅरेजबाहेर नेल्याशिवाय त्या भागात वेल्डिंग करायचं नाही, बॅटरीची अर्थिंगही आधी सोडायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. तिचं डागकाम अनुभवी रेडिएटरवाल्याकडेच द्या.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुनी रबरी नळी मऊ पडते आणि टाकीतला गंज सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर बसवा, आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. गॅरेजमध्ये साठा करायचाच असेल तर एक धातूचा डबा, तोही दारापाशी. परवान्याशिवाय घरात ३० लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवता येत नाही, पण प्रत्यक्षात पाच लिटर पुरे. आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली बाहेर पडायच्या वाटेवर हवी. आग टेबलाजवळ लागली तर टेबलाजवळचा सिलिंडर हाती येत नाही.

जाम इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग हँडलने हलक्या हाताने फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. हरिकेनचा फायरिंगचा क्रम १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३०. इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं ९० नंबर. जीएल-५ मधली रसायनं जुन्या पितळी रिंगांना खातात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांच्यात तेल इकडून तिकडे सरकतं, म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी तपासा.

पाणी शिरलंच तर

पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे चावी न फिरवणं. बॅटरी सोडा. मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल, पाचही ठिकाणचं तेल काढा. ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय. स्वस्त डिझेलने आतून धुवा, नवं तेल भरा, थोडं चालवून पुन्हा बदला. फोर व्हील गाडीच्या बाबतीत लोक पुढचा डिफरन्शियल विसरतात आणि सहा महिन्यांनी तो ओरडायला लागतो. व्हील बेअरिंग उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसा, नवं भरा. ब्रेक ड्रम उघडून वाळवा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. डायनॅमो आणि सेल्फ वाइंडिंगवाल्याकडे नेऊन सुकवून घ्या. हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तर गाडी वाचते. गाळ वाळला की प्रत्येक काम दुप्पट होतं. आणि पाणी असताना गॅरेजमध्ये उतरू नका. विश्वामित्रीच्या पुराबरोबर मगरी सोसायट्यांमध्ये येतात, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

पहिली फेरी

टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. खोल नक्षी पाहून फसू नका. वीस वर्षांचं रबर नक्षीसकट फुटतं. जीपला ६.००-१६ अजून मिळतात.

रविवारी पहाटे, सोसायटीच्या रस्त्यावर, ताशी वीस किलोमीटरने सुरुवात करा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? दोन फेऱ्यांनंतर चारही हबना हात लावा. एखादा तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट झालंय. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही, पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण थेट ट्रान्सफर केसवर येते. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, डावीकडच्या उलट्या आट्यांचं लक्षात ठेवून. पाचशे किलोमीटरला इंजिनाचं तेल काढा आणि फडक्यावर गाळून पाहा. चमकणारे कण दिसले तर बेअरिंग तपासायला इंजिन उघडावं लागेल.

त्यात काही निघालं नाही तर हालोलच्या रस्त्याने पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला हरकत नाही. बरोबर फॅन बेल्ट, पॉइंटचा सेट, एक रेडिएटर होज, दहा लिटर पाणी, टो-चेन आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा, आणि सोबत एखादी दुसरी गाडी असू द्या.